अडलं की सभा बोलते

आजकाल मी माईकवर अडले की लोक खूश होतात! खरंच सांगते. पूर्वी निवेदिका अडली की समोरचे माना खाली घालायचे आणि संयोजक रुमालानं कपाळ पुसायचा. आता माझा शब्द अडला की पहिल्या रांगेतल्या बायका पदर खोचून तयार असतात, आपल्यात आधी कोण सांगतं बघू म्हणून. परवा एका बारशाला मला ‘पाळणा’ सापडेना. तीन कोपऱ्यांतून तीन बायका ओरडल्या आणि चौथी म्हणाली, "झुला बी चालंल की!" एवढं बारसं मी कधी रंगवलं नव्हतं.

मी इथवर कशी आले ते लिहायला बसले आहे, ते मुख्यतः ज्यांच्या घरात कुणाला लकवा झालाय, कुणाची वाचा गेलीय त्यांच्यासाठी. डॉक्टरी माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती डॉक्टरांकडे भरपूर आहे. मी फक्त माझी गंमत सांगणार आहे. हो, गंमतच म्हणते, कारण रडून झालं आहे. डाव्या हाताच्या एका बोटानं मोबाईलवर टाइप करते आहे. मुलगी प्राची नंतर शुद्धलेखन बघणार आहे, पण ‘चहा आली’ असं कुठं निघालं तर ते तसंच राहू दे, अशी तिला सक्त ताकीद आहे.

शाल, साल, सल

माझं माहेर जळकोट, तुळजापूर तालुक्यातलं, हमरस्त्यावरचं. आमच्या घरात कन्नड बोलतात, दारात मराठी आणि ओट्यावर दोन्हीची मिसळ. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटायला लागलं ते कॉलेजात. वक्तृत्व स्पर्धेत मी मोठ्या आवेशात म्हणाले, "माझं भाऊ सैन्यात गेला!" आणि अख्खा हॉल हसला. आमच्या तोंडी अशी लिंगं इकडची तिकडं होतात. मागून कुणीतरी "यंडुगुंडू" म्हणालं ते तर मी कैक वर्षं विसरले नाही. त्या दिवशी ठरवलं की अशी मराठी बोलेन की जळकोटचा वास येता कामा नये.

आणि बोललेही! लग्न होऊन कळंबला आले. नवरा नागनाथ, यांची धान्याची आडत आहे. हळूहळू लग्नं, उद्घाटनं, निरोप समारंभ यांची निवेदनं करू लागले. ‘गिरिजाताईंची मराठी म्हणजे साजूक तूप’ असं लोक म्हणायचे आणि मी आतून फुलायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, कधी कळंबला आली तर पाहुण्यांपुढं गप्प बसायची. ‘कन्नड नको गं बोलू’ असं मी तिला एकदाच म्हणाले होते, तिनं ते कायमचं धरलं. घरात मी तिला अव्वा म्हणायचे, लोकांत मात्र आई. माझ्या एकाही कार्यक्रमाला ती आली नव्हती आणि मीही कधी आग्रह केला नव्हता.

श्रावण संपत आला होता. एका मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. मंगल कार्यालय भरलेलं, मी नेहमीसारखी सुरात. "आता मी विनंती करते, सत्कारमूर्तींना शाल..." म्हणाले आणि पुढचं वाक्य निघेना. "शाल... साल... सल सल..." मला वाटत होतं मी नीट बोलते आहे. समोर लोक आधी हसले, कारण मी मधूनमधून विनोद करते हे त्यांना माहीत होतं. मग उजव्या हातातला माईक सुटला आणि भोंग्यातून असा कुंईऽऽ आवाज आला की लहान मुलांनी कानांवर हात ठेवले.

प्राची खाली मोबाईलवर शूटिंग करत होती. तिनं स्क्रीनवर माझं तोंड एका बाजूला गेलेलं पाहिलं आणि स्टेजवर उडीच मारली. लोक जमले. कुणी म्हणालं वारं गेलंय अंगावरनं. एक ओळखीचे काका आमच्या यांचा हात धरून सांगू लागले, "नागनाथराव, इकडं एका गावात लकव्याचं तेल देतेत. लई गुण हाय. सरळ तिकडं न्या."

"काका, तेल मग. आधी दवाखाना," प्राची म्हणाली. कधी नव्हे ते मोठ्या माणसाला तोडून बोलली. त्याबद्दल कुणाला राग आला असेल तर मी तिच्या वतीनं माफी मागते आणि माझ्या वतीनं तिचे आभार मानते.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे, पण वेळेत आलात. वाचणाऱ्यांनो, या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी ‘वेळेत’ एवढा शब्द ठेवा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ बोबडली की गाडी काढायची. तेल पळून जात नाही.

पेनाला मंगळवार

भीती कधी वाटली सांगू? मशीनमध्ये घातलं तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून विचारलं, "ताई, हे काय आहे?" मला पेन दिसत होतं, पेनच हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मंगळवार."

त्यांनी घड्याळ दाखवलं. तेही मंगळवार! मग काहीच येईना, मंगळवारही गेला. आतमध्ये मी सगळी शाबूत बसलेली आणि बाहेर यायचं दार कुठं आहे तेच कळेना. ज्या बाईचं पोट आणि मिरवणं दोन्ही बोलण्यावर, तिची वाणीच गेली. मी खूप घाबरले. उजवा हात आणि पाय हलत नव्हते त्याचं दुःख मला नंतर झालं, आधी झालं ते जिभेचं.

वॉर्डाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे फिनेलचा वास, मग बीपीची पट्टी, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांची. येणारे माझ्या पायाशी उभं राहून यांना विचारायचे, "तिला कळतंय का काही?" अहो, मला विचारा की! कळत होतं, चांगलं कळत होतं. कोण संत्री घेऊन आलं आणि कोण नुसतंच बघायला आलं तेसुद्धा कळत होतं.

नीरू आली

सुरुवातीला गिळता येतं का ते तपासेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नव्हतं. मग सिस्टरनी बसवून, चमच्यानं, थोडं थोडं पाणी द्यायला परवानगी दिली. पण त्या द्यायच्या त्यांच्या वेळेला आणि तहान यायची माझ्या वेळेला. अशाच एका संध्याकाळी माझ्या तोंडातून स्वच्छ, ठणठणीत शब्द आला, "नीरु."

यांनी हातातली पिशवीच टाकली. "बोलली! प्राची, तुजी मम्मी बोलली!"

"नीरु," मी पुन्हा म्हणाले.

"नीरूची आठवण काढलीया गं! फोन लाव नीरूला!"

आता नीरू म्हणजे आमच्या नणंदेची मुलगी नीरजा, पुण्यात नोकरीला आहे, माझी लाडकी आहे, हे सगळं खरं. पण मला ती नको होती. मी मान हलवली तर यांना वाटलं मी होकार देते. "येतीया, येतीया. गाडीत बसली बग," असं म्हणत यांनी माझे डोळे पुसले. मी रात्रभर नीरु नीरु करत होते आणि हे रात्रभर ती कुठवर आली ते मला सांगत होते. "टेंभुर्णी गेलं... बार्शी आलं..."

सकाळी नीरू पाठीवर बॅग घेऊन आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मामी, मी आलेय!"

मी तिच्याकडे बघून म्हणाले, "नीरु."

"हो मामी, मीच!"

ती हसू की रडू करत बसली आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

अव्वाला दोन-तीन दिवस कुणी कळवलंच नव्हतं, म्हातारीला धक्का बसेल म्हणून. त्याच दुपारी माझा भाऊ तिला घेऊन आला. जळकोटहून एसटी बदलत बदलत आलेली, हातात कापडी पिशवी, दारातच उभी राहिली. मी तिला पाहिलं आणि जीव एकवटून म्हणाले, "नीरु!"

अव्वानं सगळ्यांकडे पाहिलं. "अगं बया, पोरगी पाणी मागतीया की! तुमी समदे बसून काय करायलाव?"

यांचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं. मग नीरू जी हसायला लागली, ती खाली फरशीवर बसली. अव्वानं सिस्टरना विचारलं, मला उशीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. "कुडी, गिर्जव्वा, पी हळू," म्हणाली. तेवढं गोड पाणी मी आजवर प्याले नाही. आणि पुण्याची नीरू तेव्हापासून आमच्या घरात ‘पाणी’ झाली आहे.

भलतंच दार उघडलं

म्हणजे झालं होतं असं, की साजूक तुपातली मराठी गेली आणि तिच्याखालून माझी झाकून ठेवलेली कन्नड वर आली. नीरु आलं, मग साकु आलं, म्हणजे पुरे. मग इल्ला, म्हणजे नाही. इतकी वर्षं जिचा वास येऊ नये म्हणून जपलं तीच बया दारात उभी! मला भयंकर लाज वाटली. वाचा जाते ती जाते, वर यंडुगुंडू होते. मी दोन दिवस ओठ मिटून घेतले.

बोलण्याचा सराव घ्यायला स्नेहल मॅडम यायच्या. तरुण मुलगी, पुण्याकडची, कन्नडचा गंध नाही. मला वाटलं ही म्हणेल, मराठीतच बोला. तिनं अव्वाशी गप्पा मारल्या आणि उलटंच सांगितलं. "ताई, एक वाट बंद आहे, दुसरी चालू आहे. चालू वाटेनं यायला तुम्हाला कुणी मनाई केलीय का?"

मला उत्तर देता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ‘मीच केलीय’ हे सांगायला नको वाटलं असतं.

घरी आल्यावर अव्वा आमच्याकडेच राहिली. माझ्या लग्नानंतर कळंबला एवढी ती पहिल्यांदाच राहिली. आणि बोलायला काय लागली म्हणता! जणू मधल्या सगळ्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर काढत होती. "आदी मी तुज्या घरात मुकी बसायची, आता तू बस," असं म्हणून खो खो हसायची. दुधाचा पेला समोर धरायची आणि द्यायची नाही.

"एन बेकु?" काय पाहिजे?

"हा... हालु."

"आन् हेंच्या भाषेत?" असं म्हणून जावयाकडे बोट करायची.

मी शोधायचे, शोधायचे. "हालु... हालु... दूध!"

दूध! एखादं पोर पहिल्यांदा सायकलवर तोल सांभाळतं तसं वाटलं मला. हालूच्या आधारानं दूध आलं, उप्पूच्या आधारानं मीठ आलं. स्नेहल मॅडमनी व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. म्हणाल्या, आता सगळे शब्द अशाच जोडीनं घ्यायचे. मराठीही परत येत होती, पण आपले जुने रोग घेऊन. ‘चहा आली’, ‘भाजी चांगलं झाला’. प्राची दुरुस्त करायची, अव्वा तिला म्हणायची, "आली तर आली, पोटात जातीया ना?"

पोत्याची गाठ

सगळं काही हसत झालं असं समजू नका. मी एकदा पिठल्याची वाटी भिंतीवर फेकली आहे. हे माझं प्रत्येक वाक्य पुरं करायचे आणि प्रत्येक वेळी चुकीचं पुरं करायचे. मला खिडकी उघडायची असायची आणि हे पंखा लावायचे. प्राचीचा अभ्यास बुडत होता. एक दिवस ती माझ्या उजव्या हाताला व्यायाम देता देता म्हणाली, "मम्मी, मला बी कंटाळा येतो गं. पर सांगू कुणाला?" मी तिला जवळ ओढलं. डाव्या हातानं जेवढं ओढता येतं तेवढं. खरं बोलली याचं मला बरंच वाटलं, कारण तोवर घरात सगळे माझ्याशी गोड गोडच बोलत होते.

आणि हे! यांनी जन्मात बाईची वेणी घातली नव्हती. पण उजवा हात वर जाईना म्हटल्यावर रोज सकाळी दुकानात जाण्याआधी माझ्यामागं फणी घेऊन बसायचे. शेवटी रबर लावायचं असतं हे यांना माहीतच नव्हतं. यांनी सुतळी घेतली आणि पोत्याचं तोंड आवळतात तशी गाठ मारली! अव्वानं ती सोडवायला अर्धी दुपार घालवली. मी त्या दिवशी आजारपणानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि हसताना तोंड वाकडं होतं याचा विचारही मनात आला नाही.

येळवस

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत दगडांचे पांडव मांडायचे, डाळी-भाज्यांची पातळ भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडकंभर ताकाची आंबील. मग आंबील घेऊन पिकातून शिंपडत फिरायचं आणि मोठ्यानं ओरडायचं. आमचं थोडं रान आहे, मला खुर्चीसकट टेम्पोत घालून तिथं नेलं.

हे पुढं आंबील घेऊन निघाले आणि ओरडले, "ओलगे ओलगे!"

आणि खुर्चीतून माझं आपोआप निघालं, "सालम पोलगे!"

हे थांबले. मागं वळले. पुन्हा ओरडले. या वेळी मी त्यांच्या शब्दांसकट सगळी ओळ ओरडले, न अडता, न चाचरता, अख्खीच्या अख्खी! चार महिन्यांत इतकी लांब ओळ माझ्या तोंडून सलग आली नव्हती. यांनी आंबिलीचा तांब्या खाली ठेवला आणि ज्वारीतून धावत आले. "अजून म्हण!" आम्ही दोघं त्या रानात खुळ्यासारखे ओरडत होतो. शेजारच्या रानातलीही माणसं ओरडू लागली.

जेवताना प्राचीनं विचारलं, "पप्पा, ह्याचा अर्थ काय हो?"

"अर्थ? आजापासनं म्हणतो आपण. अर्थ कुणी इचारला न्हाय."

"कन्नड हाय की ते," अव्वा भज्जी ओरपत म्हणाली. "झिजून झिजून असं झालंय. पर नेमका अर्थ मला बी न्हाय ठावं. येळवस तरी काय मराठी हाय व्हय? आमच्याच एळ्ळ अमाशाची येळवस केलीया तुमी."

हे उंडा हातात धरून बसले. कळंबचा पिढीजात माणूस, आजा-पणजापासून दरवर्षी रानात उभा राहून खणखणीत कन्नड ओरडतो आहे आणि त्याला पत्ता नाही! मला असं काही हसू आलं की सांगता सोय नाही. जी मिसळ मी कॉलेजापासून लपवत होते ती सगळ्या मुलखानं उघड्या रानात शिंपडली होती. मग मी एकटीनं काय म्हणून लाजायचं? त्या दिवशी मी मनातून ती लाज काढून टाकली. हलकं वाटलं आणि तीन उंडे जास्त खाल्ले.

बेकु

संक्रांतीच्या आधी यांचा फोन वाजला. जळकोटच्या बचत गटाच्या बायका होत्या. तिळगुळाचा कार्यक्रम आहे, दरवर्षी कुणीतरी बाहेरचं येतं, यंदा आपल्याच गावची लेक निवेदनाला हवी. माझ्या आजाराचं त्यांना माहीत होतं, तरी विचारत होत्या.

"न्हाय ओ," हे म्हणाले, अगदी हळू आवाजात. "तिला आता ते काम जमायचं न्हाय. लोकांपुढं अडकली तर लई मनाला लावून घेती. दुसरं कुणीतरी बगा."

मी शेजारच्या खोलीत होते. वाईट हेतू नव्हता, मला जपत होते. पण माझ्या कामाचा त्यांनी माझ्या मागं निरोप समारंभ उरकला होता! शाल नाही, नारळ नाही. मी भिंत धरून उठले. पाय ओढत दारापर्यंत आले. बोलायचं खूप होतं. ‘मला विचारलंत का’, ‘अडकले तर मी अडकेन’, असं सगळं. राग आला की माझी मराठी आधी पळते. तोंडातून एकच शब्द फुटला, तोही किंचाळून, "बेकु!"

यांनी फोनवर हात ठेवला. तोंड पडलं. "बेकूफ? मला बेकूफ म्हणाली तू, गिरजा?"

"बेकु! बेकु!"

"दोनदा!"

प्राची आतून पळत आली. "पप्पा, बेकूफ न्हाय ओ! बेकु म्हंजे पाहिजे! तिला कार्यक्रम पाहिजे!"

अव्वा पाटावरून म्हणाली, "आन् दुसरं म्हणाली असती तरी काय चुकलं नसतं, जावईबापू."

हे फोन तसाच धरून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "तू तिथं अडकलीस तर मला बगवणार न्हाय गं."

मी छातीवर हात ठेवला आणि एकेक शब्द वेचून म्हणाले, "मला... बगवेल." मग त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "येतीया ओ. गिरजाच येतीया."

जळकोट

मारुतीच्या देवळामागच्या मांडवात सतरंज्या टाकल्या होत्या. काठापदराच्या साड्या, तिळगुळाची ताटं, भोंग्याची खरखर. मी माईक डाव्या हातात धरला. उजवा हात पोटाशी. पहिल्या रांगेत अव्वा, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कार्यक्रमाला आलेली, नवं लुगडं नेसून. नीरू आणि प्राची मोबाईल धरून. हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, बसायलाही तयार नव्हते.

"नमस्कार," म्हणाले. आलं. "आज आपण... इथं... तिळगुळा..." आणि अडले.

मला मंगल कार्यालय आठवलं, माईक सुटलेला आठवला. यांनी खांबावरचा हात घट्ट केला. आणि माझ्या तोंडात मराठी शब्द येईना, कन्नड आला. कॉलेजातल्या गिरिजानं तो गिळला असता. मी तो माईकवर सांगितला, "ओट्टिगे."

"एकत्र!" मागून एक बाई ओरडली.

"एकत्र आलो आहोत!" दुसरीनं वाक्य पुरं केलं.

मांडव हसला. पण कॉलेजातला हॉल हसला होता तसा नाही. मीही हसले. पुढचा शब्द अडला तेव्हा मी मुद्दाम माईक त्यांच्यासमोर धरला, त्यांनी तो भरला. मग खेळच सुरू झाला! मी अर्धं कन्नडात म्हणायचे, त्या अर्धं मराठीत. मी ‘बक्षीस आली’ म्हणाले तर एक आजीबाई म्हणाल्या, "आली तर येऊ दे, परत लावू नगंस!" ज्या बायका कार्यक्रमात तोंड उघडत नाहीत त्या उठून उठून शब्द देत होत्या. इतकी वर्षं मी सफाईदार बोलत होते आणि लोक ऐकत होते. आता मी अडत होते आणि अख्खा मांडव बोलत होता. मला तर नाचावंसं वाटत होतं!

शेवटी आभार. सगळ्यांची नावं घेतली, चुकली ती सभेनं सुधारली. मग एक राहिलं होतं, ते मी मनात घोळवून आणलं होतं. डावा हात माईकसकट पहिल्या रांगेकडे केला.

"आणि ही... ही माझी..."

शब्द गेला. साधा, दोन अक्षरांचा, लोकांत नेहमी वापरलेला.

"आई!" सगळा मांडव एका सुरात ओरडला. "आई!"

मी मान हलवली. तो नको होता. तो मला आता नकोच होता. "ही माझी," मी म्हणाले, आणि भोंग्यातून गावभर गेलं, "अव्वा!"

पुढचा शब्द अडला. अव्वा गुडघ्यावर हात ठेवून उठली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "आधी नीरु कुडी. मग बोल."

मी पाणी प्याले आणि बोलले.